अडीच इंचाची टाच आणि उजवा गुडघा: दागिन्यांच्या शोरूममधली एक केस

आधीच सांगते, नाव, वय आणि दुकानाची ओळख पटेल असं सगळं थोडंथोडं बदललंय. जिची केस आहे तिला विचारूनच लिहितेय, ती म्हणाली खुशाल लिहा मॅडम, फक्त आमच्या मॅनेजरला वाचून कळेल असं लिहू नका. तर तिला आपण मेघा म्हणू. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघेदुखी म्हणजे माझा रोजचा वरणभात, पण ही केस लिहावीशी वाटली कारण हिच्यात मी दोनदा चुकले. एकदा बुटांच्या बाबतीत आणि एकदा चिठ्ठीच्या बाबतीत.

पार्श्वभूमी

मेघा ३६ वर्षांची, पेठेतल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, घरी नवरा, मुलगी आणि सासूबाई. नऊ वर्षं दागिन्यांच्या एका मोठ्या शोरूममध्ये सेल्सला आहे, मंगळसूत्रांचं काउंटर तिच्याकडं. युनिफॉर्म म्हणजे मरून रंगाची शिवलेली रेडीमेड साडी, केसांचा अंबाडा आणि काळे बंद हिल्स. अडीच इंच, ब्लॉक हील. वेळ सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ, मधे जेवायला अर्धा तास आणि दोनदा चहा. दुकानात खुर्च्या भरपूर आहेत पण त्या काउंटरच्या पलीकडं, गिऱ्हाइकांसाठी.

बाहेरच्या माणसाला दिसत नाही ते काम दुकान उघडायच्या आधीचं आणि शटर खाली आल्यानंतरचं. दागिन्यांचे ट्रे रात्री तळघरातल्या तिजोरीत जातात आणि सकाळी परत वर येतात, मधे १४ पायऱ्या, एकेक ट्रे चार-पाच किलोचा आणि घाई असली की दोन एकावर एक. हे सगळं साडीत, हिल्सवर, आणि दोन्ही हात गुंतलेले म्हणून कठडा न धरता. मी तिला पहिल्या दिवशी विचारलं होतं की दिवसभरात जिने किती, तर ती म्हणाली घरचा एकदा वर एकदा खाली, बास. तळघराचा जिना तिच्या डोक्यातच आला नाही, कारण तो कामाचा भाग, जिना म्हणून कोण मोजतं. मला तो दीड महिन्यानं कळला आणि तोही बोलता बोलता.

अजून एक. हिल्स तिच्यावर लादलेले होते असं मी गृहीत धरलं होतं, पण तिला ते हवेच होते. उंची पाच फूट एक इंच. "काउंटरमागं चपटी चप्पल घालून उभी राहिले ना मॅडम, तर गिऱ्हाइकाला नुसता माझा अंबाडा दिसतो." हे वाक्य मी पहिल्याच आठवड्यात ऐकलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

त्रास काय होता

दिवाळीच्या आधीपासून उजवा गुडघा पुढून दुखत होता, वाटीच्या मागं आत कुठंतरी, बोट ठेवून दाखवता येईना, ती तळहातानं सगळी वाटीच झाकून दाखवायची. जिना चढताना कमी, उतरताना जास्त. तास-दीड तास मांडी घालून किंवा गाडीवर बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत. धनत्रयोदशीच्या आठवड्यात रोज बारा-बारा तास उभं राहणं झालं आणि भाऊबीजेला ओवाळायला पाटासमोर बसली ती उठताना भावाचा हात धरावा लागला, तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं. त्याआधी घरगुती उपाय सगळे झाले होते. सासूबाईंनी महानारायण तेल चोळून दिलं, नवऱ्यानं मेडिकलमधून नी कॅप आणली, शेजारच्या काकूंनी मेथीचे लाडू. नी कॅप घातली की बरं वाटायचं, पण साडीच्या आत दिवसभर ती घालून पाय सुजायचा.

ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला, झीज म्हणावी असं काही नव्हतं. सूज नाही, गुडघा अडकत नाही, अचानक दगा देत नाही, रात्री झोपेतून दुखून जाग येत नाही. त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, हिल्स टाळा म्हणाले आणि माझ्याकडं पाठवलं. ती आली तेव्हा डिसेंबर होता, म्हणजे ऐन लग्नसराई, आणि तिचा पहिला प्रश्न, "मॅडम, माझं ग्रीस संपलंय का हो?"

ग्रीस संपत नाही. हे मी आठवड्यातून दहा वेळा सांगते पण लोकांच्या डोक्यात गुडघा म्हणजे सायकलचं बेअरिंगच आहे.

तपासणीत काय दिसलं

पोटऱ्या दगडासारख्या. भिंतीसमोर पाय ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायची एक साधी टेस्ट असते, त्यात पायाचा अंगठा भिंतीपासून किती लांब जातो ते मोजतात, साधारण नऊ-दहा सेंटीमीटर जायला हरकत नसते. हिचा उजवा पाच, डावा सहा. एका पायावर उभं राहून थोडं वाकायला सांगितलं तर गुडघा आत पडत होता, म्हणजे खुब्याच्या बाजूचे स्नायू ढिले. मांडीचा पुढचा स्नायू उजवीकडं डोळ्यांना दिसेल इतका बारीक. वजन ६८ किलो.

आता हिल्सचा गुडघ्याशी संबंध काय ते थोडं सांगते, कारण लोकांना वाटतं टाच उंच केली तर दुखायचं ते पाऊल दुखेल, गुडघा कशाला. टाच वर गेली की पाऊल खाली झुकलेल्या अवस्थेत घोटा अडकतो आणि वजन चवड्यावर येतं. नेहमीच्या चालीत घोटा जो धक्का खातो, तो त्याला आता खाता येत नाही. मग गुडघा ते काम अंगावर घेतो, चालताना तो जास्त वेळ थोडा वाकलेला राहतो, वाकलेला गुडघा सावरायला मांडीचा स्नायू जास्त ओढतो आणि तो ओढला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. जिना उतरताना मुळातच वाटीवर शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास दाब येतो, त्यात ही भर.

हे मोजलेलंही आहे. अमेरिकेत डॉ. केसी केरिगन यांच्या टीमनं १९९८ मध्ये २० निरोगी बायकांना हिल्स घालून आणि अनवाणी चालायला लावलं, तर हिल्सवर वाटीवरचा ताण वाढला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा ताण सरासरी २३ टक्क्यांनी जास्त निघाला. बऱ्याच जणी म्हणतात पेन्सिल हील वाईट, ब्लॉक हीलला काही होत नाही. याच टीमनं २००१ मध्ये रुंद टाचेचे बूटही तपासले आणि गुडघ्याच्या दृष्टीनं ते काही बरे ठरले नाहीत. रुंद टाचेनं घोटा मुरगळायची भीती कमी होते इतकंच, उलट ती आरामशीर वाटते म्हणून बाई ती जास्त वेळ घालते. पुढं २००५ मध्ये त्यांनी दीड इंचाची टाच बघितली, तिथंही ताण वाढलेलाच, फक्त कमी. आणि २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी बायकांच्या अंगावर त्यांच्या वजनाच्या २० टक्के जादा वजनाचं जॅकेट चढवून हिल्सवर चालवलं, तर टाच आणि वजन दोन्ही मिळून गुडघ्याची चाल आणखी बिघडली. तळघराचा जिना कळल्यावर मला पहिलं हेच आठवलं.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर व्हॉट्सअॅपवरच्या मेसेजमध्ये आणि माझ्यात फरक काय. प्रयोगशाळेत ताण वाढतो म्हणजे पुढं गुडघे झिजतातच असं सिद्ध झालेलं नाही. ऑक्सफर्डच्या २००३ च्या एका अभ्यासात पन्नाशी ते सत्तरीच्या बायकांना तरुणपणापासूनचे बूट, काम, वजन सगळं विचारलं, तर गुडघ्याच्या झिजेशी हिल्सचा संबंध सापडला नाही, सापडला तो वजनाशी, आणि तेही चाळिशीच्या आतच वाढलेल्या वजनाशी. अभ्यास छोटा होता हे खरं. म्हणून मेघाला मी "हिल्समुळं तुमचा गुडघा खराब झाला" असं कधी म्हटलं नाही. मी म्हटलं, गुडघ्याला जितकं झेपतं त्यापेक्षा आपण त्याच्याकडून जास्त काम घेतोय, आणि त्यातला टाचेचा वाटा कमी करणं त्यातल्या त्यात सोपं आहे. सोपं! तेव्हा मला तसं वाटत होतं.

कुठले पर्याय होते

गोळ्या खाऊन लग्नसराई काढायची, मग बघू, हा तिचा स्वतःचा पर्याय होता. दोन महिने रोज पेनकिलर म्हणजे पोटाची आणि किडनीची वाट, तो मी लगेच बाजूला ठेवला.

एमआरआय आणि वाटलंच तर इंजेक्शन हा नवऱ्याचा आग्रह, कारण त्याच्या साहेबांच्या बायकोला इंजेक्शननं फरक पडला होता. त्या बाई साठीच्या, त्यांची झीज वेगळी, हिचा प्रश्न वेगळा. ऑर्थोच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले, त्यांचंही मत तीन महिने व्यायाम करून बघू असंच पडलं.

सासूबाईंचं म्हणणं नोकरी सोड. यावर मेघा जे काही म्हणाली ते इथं लिहित नाही. पगार, त्यावर विक्रीचा इन्सेंटिव्ह, मुलीची फी त्यातून जाते.

उरले दोन. एक, हिल्स बंद करून फ्लॅट बूट आणि सोबत व्यायाम. दोन, टाच हळूहळू उतरवत न्यायची आणि दुकानाशी बोलून कामाच्या पद्धतीत थोडे बदल करायचे. दुसऱ्याला वेळ लागणार होता आणि मॅनेजरशी बोलावं लागणार होतं, जे तिला नको होतं. मी पहिला निवडला. मला वाटलं बुटांचा विषय एका चिठ्ठीत संपेल.

पहिली चूक: एका दिवसात फ्लॅट

तिनं तुळशीबागेतून काळ्या बेलीज आणल्या, कागदासारखा तळ, आणि सोमवारपासून त्या घालायला लागली. पहिला आठवडा छान, गुडघा हलका. दुसऱ्या आठवड्यात सकाळी उठल्यावर टाचेच्या मागं, ती जाड दोरीसारखी शीर असते ना तिथं, ताठरपणा आणि दुखणं. तिसऱ्या आठवड्यात आली ती हिल्स घालूनच. "फ्लॅटपेक्षा यातच बरं वाटतंय मॅडम."

आणि तिचं बरोबर होतं. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१० मध्ये वर्षानुवर्षं हिल्स वापरणाऱ्या बायकांच्या पोटऱ्या तपासल्या होत्या. त्यांच्या पोटरीच्या स्नायूचे तंतू इतर बायकांपेक्षा साधारण १३ टक्के आखूड निघाले आणि टाचेमागची कंडरा, म्हणजे तीच दोरीसारखी शीर, जास्त जाड आणि कडक. नऊ वर्षं आखडलेल्या पोटरीला तुम्ही एका सोमवारी सांगता की आजपासून अडीच इंच लांब हो, ती कशी ऐकेल. हा अभ्यास मला माहीत होता, माझ्या हातात तिची पाच सेंटीमीटरची टेस्ट होती, आणि तरी मी फ्लॅट म्हटलं, कारण "हिल्स बंद करा" हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलंय की त्यापुढचं "किती दिवसांत आणि कशावर" हे विचारायचं राहून जातं.

दुसरी चूक: चिठ्ठी

फ्लॅट बूट घालायला परवानगी मिळावी म्हणून मी पहिल्याच आठवड्यात क्लिनिकच्या लेटरहेडवर लिहून दिलं होतं, रुग्णास गुडघ्याचा त्रास असल्याने उंच टाचेची पादत्राणे व दीर्घकाळ उभे राहणे टाळावे. नेहमीचं वाक्य, शेकडो वेळा लिहिलेलं.

शोरूमनं ते अगदी तंतोतंत पाळलं. जानेवारीच्या सुरुवातीला तिला काउंटरवरून काढून मागच्या खोलीत टॅग बांधायला बसवलं. उभं राहणं बंद, हिल्सचा प्रश्नच नाही, आणि इन्सेंटिव्हही बंद. शिवाय मंगळसूत्राचं काउंटर एका नव्या मुलीकडं गेलं. लग्नसराईतला सगळ्यात मोठा महिना. ती क्लिनिकमध्ये आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, गुडघा दुखत होता तेच बरं होतं."

मला काय बोलावं सुचेना. दुकानाला दोष देणं सोपं होतं, पण चिठ्ठीत तिला काय जमत नाही तेवढंच लिहिलेलं होतं, काय जमतं आणि काय सोय लागेल याचा एक शब्द नव्हता. वाचणाऱ्यानं दुसरं काय करायचं?

मग काय केलं

आधी मी तिला दोन कामं सांगितली. एक म्हणजे युनिफॉर्मचा नियम लिहिलेला कागद असेल तर त्याचा फोटो काढून आणा, आणि दुसरं, उद्याचा दिवस तास-तास लिहून आणा, उभं किती, चालणं किती, जिने किती. दुसऱ्या कामातून तो तळघराचा जिना बाहेर आला, दिवसाला सहा-सात खेपा. आणि कागदात निघालं ते तर भारीच. त्यात लिहिलं होतं "काळी, बंद, टाच असलेली पादत्राणे". उंची कुठंच नाही! अडीच इंच हा आकडा कुणी ठरवलेला नव्हता, सगळ्या जणी एकाच दुकानातून एकच मॉडेल घेत आल्या आणि तोच नियम झाला.

तिनं मला विचारलं होतं की याबद्दल कायदा नाही का. टाचेबद्दल आपल्याकडं काही नाही. बाहेर झालंय, लंडनमध्ये २०१५ च्या डिसेंबरात निकोला थॉर्प नावाच्या रिसेप्शनिस्टला दोन ते चार इंचाची टाच नाही म्हणून पहिल्याच दिवशी घरी पाठवलं, तिच्या याचिकेवर दीड लाखावर सह्या झाल्या आणि विषय ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियानं आणि फिलिपिन्सनं २०१७ मध्ये कामावर हिल्सची सक्ती बंद केली. आपल्याला जवळचं उदाहरण केरळचं, तिथं कोझिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलं आणि २०१८ मध्ये कायद्यात ती तरतूद झाली, २०२१ मध्ये तमिळनाडूनंही केली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं आणि आस्थापनांच्या मूळ कायद्यात सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मधे किमान अर्धा तास सुट्टी हवी असं होतं, ती तिला मिळत होतीच. म्हणजे कायदा दाखवून काही हाती लागणार नव्हतं, बोलूनच मार्ग काढायचा होता.

तिच्या परवानगीनं मी मॅनेजरना फोन केला. मला वाटलं होतं माणूस अडेल, पण त्यांची अडचण भलतीच निघाली. "मॅडम, हिल्सचं काही नाही हो, साडी लोळते." शिवलेल्या साड्या सगळ्या हिल्सच्या मापानं शिवलेल्या, टाच काढली की काठ फरशीवर लोळतो, पाय अडकून पडायची भीती, शिवाय रांगेत एकीचीच साडी खाली दिसते. मी इतके दिवस गुडघा, बूट, पोटरी करत बसले होते आणि खरी गाठ साडीच्या काठात होती. साडी आणि परकर दोन्ही टेलरकडून वर घ्यायला दोनशे रुपये लागले.

दुसरी चिठ्ठी मी मेघासमोर बसून लिहिली, तिला वाचून दाखवली आणि तिनं होकार दिल्यावरच सही केली. त्यात असं होतं की ती काउंटरवरचं सगळं काम करू शकते, टाच पुढचे चार आठवडे पावणेदोन इंच आणि त्यानंतर एक इंच, तासाभरानं गिऱ्हाईक नसेल तेव्हा पाच मिनिटं बसायची सोय, आणि दुकान उघडण्याआधी व बंद झाल्यावर ट्रे नेताना स्पोर्ट्स शूज चालतील, एका खेपेला एकच ट्रे. सहा आठवड्यांनी परत तपासणी, अशी तारीखही घातली, कारण मुदत नसली की दुकानाला वाटतं हे कायमचं झालं.

उंचीचा प्रश्न राहिलाच होता. काउंटरमागं लाकडी फळी टाकायची का यावर आमची बरीच चर्चा झाली, मॅनेजरही तयार होते, पण तिथं तीन जणी सतत ये-जा करतात, कुणीतरी ठेचकाळणार हे नक्की. त्याऐवजी जाड रबरी मॅट आली, भिंतीपासून भिंतीपर्यंत. उंची फार नाही वाढत तिनं, पण दगडी फरशीवर उभं राहण्यापेक्षा कितीतरी बरं. आणि मेघानं स्वतःच आरशाचा स्टँड खालचा घेतला, म्हणजे गिऱ्हाईकच थोडं वाकतं! हे मला सुचलं नसतं.

व्यायाम जाणूनबुजून थोडेच दिले. पोटरी ताणायची, ओट्याला धरून, दूध तापेपर्यंत, दोन्हीकडून तीन-तीन वेळा. टाचेच्या दुखण्यासाठी बिल्डिंगच्या पायरीवर चवड्यावर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची. पाठीवर झोपून कंबर वर उचलायची, म्हणजे कमरेचा पूल, आणि कुशीवर झोपून गुडघा उघडायचा व्यायाम, खुब्यासाठी. आणि पायरीचा व्यायाम घरातल्या जेवायच्या पाटावर, दोन-अडीच इंचाचा तो पाट, त्यावर चढायचं आणि आरशात बघत सावकाश उतरायचं, गुडघा आत पडू द्यायचा नाही. महिन्यानं एकावर एक दोन पाट, घट्ट बसतात का बघून, भिंतीजवळ. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असेल तर एक पाट कमी. वजनाचा विषय मी एकदाच काढला, तिनं रात्री साडेनवाचं जेवण आधी करून डबा साडेसातला दुकानातच खायला सुरुवात केली, बाकी मी मागं लागले नाही.

वेगळं काय केलं असतं

पहिल्या दिवशी बूट मागवून बघितले असते. अक्षरशः हातात घेऊन, टाच मोजून, तळ कुठं झिजलाय ते बघून. पेशंट येतो तो घरची स्लीपर घालून आणि आपण दहा तासांच्या बुटांबद्दल नुसतं ऐकतो. दिवसाची तासवारी पहिल्याच आठवड्यात लिहून घेतली असती, "जिने किती" या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही, "सकाळी दुकानात शिरल्यावर पहिला तास काय करता" याला मिळतं.

टाच उतरवण्याचा वेग पोटरीच्या टेस्टवर ठरवला असता, पाच सेंटीमीटरवाल्या पायाला फ्लॅट नाही म्हणजे नाही. इथं एक शंका मला अजून आहे, की पावणेदोनवर चार आठवडे पुरे होते की सहा हवे होते, कारण एक इंचावर आल्यावर टाच पुन्हा दोन-तीन दिवस कुरकुरली होती, पण तोपर्यंत गुढीपाडवा तोंडावर आलेला आणि तिला पाडव्याच्या गर्दीत नवीन बूट नको होते, म्हणून आम्ही आधीच बदलले. गुडघ्याच्या सोयीनं नाही, पंचांगाच्या सोयीनं.

चिठ्ठीबद्दल तर लिहिलंच. आता कामावर द्यायची कुठलीही चिठ्ठी लिहिण्याआधी मी विचारते, हे वाचून तुमचे साहेब काय करतील? पेशंटला बरोबर माहीत असतं. मेघाला विचारलं असतं तर तिनं मागची खोली तेव्हाच सांगितली असती.

मॅनेजरला फोन मात्र पहिल्या आठवड्यात करायला हवा होता की नाही, याचं उत्तर मला सरळ देता येत नाही. तिला तेव्हा नको होता. दुखणं दुकानात कळू द्यायचं की नाही हा निर्णय तिचा, आणि नऊ वर्षांच्या नोकरीत तिनं काहीतरी बघूनच तो घेतला असणार.

सध्या

फेब्रुवारीत ती काउंटरवर परत आली, पण मंगळसूत्र नाही मिळालं, बांगड्या मिळाल्या. जानेवारीचा इन्सेंटिव्ह गेला तो गेलाच. भिंतीच्या टेस्टमध्ये उजवा पाय पाचावरून आठवर आला. अक्षय्य तृतीयेला दिवसभर उभी होती, रात्री दुखणं दहापैकी दोन, सकाळी काही नाही. घरचा जिना कठडा न धरता उतरते. लग्नाकार्यात दोन इंची हिल्स घालते, मला सांगून घालते, आणि मी नाही म्हणत नाही. मागच्या महिन्यात मुलीला घेऊन पर्वती चढली, १०३ पायऱ्या, चढताना काही नाही, उतरताना शेवटच्या पंधरा-वीस पायऱ्यांना गुडघ्यानं आठवण करून दिली.

दुकानातल्या अजून चौघींनी साड्या वर घेतल्या आणि बूट बदलले, कुणी परवानगी मागितली नाही आणि कुणी हटकलंही नाही. बसायला काउंटरमागं दोन स्टूल आलेत, माणसं चौदा. मोठे शेठ राउंडला येणार असले की ते उचलून तळघरात नेऊन ठेवतात, आणि ते न्यायचं काम बहुतेक वेळा मेघाकडंच येतं.